एकाच हाताचे दोन रिपोर्ट: नसांच्या तपासणीतले आकडे का बदलतात?

जांबोटीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या मावशी गेल्या हिवाळ्यात मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मी बेळगावात नसांच्या तपासणीच्या खोलीत टेक्निशियन आहे. लोक तिला ‘करंटची टेस्ट करतात ती खोली’ म्हणतात. मावशींच्या घरी चार म्हशी. पहाटे धारा, मग भाकऱ्या, पावसाळ्यात भाताची नट्टी. उजवा हात सहा महिन्यांपासून त्रास देत होता. “रात्री हात बधिर होऊलालाय बघा,” त्या म्हणाल्या. “तीनला जाग येते, मग बसते झटकत.”

मुलाने पिशवीतून दोन रिपोर्ट काढले. दोन वेगळ्या ठिकाणचे, मध्ये जेमतेम तीन आठवडे गेलेले. एकात लिहिलं होतं, मनगटात नस दबली आहे, नसेतल्या संदेशाचा वेग सेकंदाला ४३ मीटर. दुसऱ्यात वेग ५१ मीटर आणि सगळं नॉर्मल. मुलगा म्हणाला, “सर, ह्यातला खोटा कुठला? ऑपरेशन करायचं का नाही, तेच कळंना.”

खोटा कुठलाच नव्हता. दोन्ही आकडे त्या त्या दिवशी मशीनवर खरोखरच आले असणार. चुकली होती ती आकड्यांवरून निष्कर्ष काढायची रीत, आणि ती दोन्हीकडे चुकली होती. हे कसं होतं, ते मला नीट सांगायचं आहे. निपाणी, खानापूर, चंदगडहून येणाऱ्या लोकांच्या पिशव्यांत असे जोडीने रिपोर्ट मला बऱ्याचदा दिसतात. दोन कागद एकमेकांशी भांडायला लागले की माणसाचा तपासणीवरचा विश्वास उडतो, तो दोन्ही कागद कपाटात टाकतो आणि बधिर हाताने पुढची दोन वर्षं काढतो. तोवर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकायला लागलेला असतो.

हातातल्या तीन वाटा

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे नस म्हणजे मज्जातंतू. तिची रचना तारांच्या जुडग्यासारखी असते. आत हजारो बारीक तंतू, आणि त्यातल्या जाड तंतूंवर चरबीयुक्त आवरण. ह्या आवरणामुळे संदेश वेगाने धावतो. निरोगी हातात संवेदनेचा संदेश सेकंदाला ५० मीटरपेक्षा जास्त वेगाने जातो.

हाताच्या संवेदना तीन नसांनी वाटून घेतल्या आहेत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू मीडियन नसेकडे. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नसेकडे. हाताच्या पाठीवरचा अंगठ्याकडचा भाग रेडियल नसेकडे. अनामिकेची ही अर्धी-अर्धी वाटणी लक्षात ठेवा, पुढे सगळी मदार तिच्यावर आहे. कुणी सांगितलं की अनामिकेची एकच बाजू बधिर आहे, दुसरी चांगली आहे, तर मशीन चालू करण्याआधीच मला निम्मं उत्तर मिळालेलं असतं.

मीडियन नस तळहातात येते ती मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून. खाली मनगटाची हाडं, वर जाड चिवट पट्टा, आणि मधल्या जागेत बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या व ही एक नस. ह्या बोगद्याला कार्पल टनेल म्हणतात. आतल्या आवरणांना सूज आली की सगळ्यात आधी चेपली जाते ती नस. अल्नर नस बोगद्यात शिरत नाही, ती शेजारच्या वेगळ्या वाटेने जाते. रेडियल तर पार पाठीमागून. अंगठ्याच्या बुडाशी तळव्यावर जो मांसल उंचवटा आहे, त्याच्या कातडीला संवेदना देणारी मीडियनची फांदीसुद्धा बोगद्याच्या आधीच फुटून बाहेरून जाते. म्हणून बोगद्यात नस दबली तर बोटं बधिर होतात, पण त्या उंचवट्याला स्पर्श नीट कळतो.

दाबामुळे दोन प्रकारचं नुकसान होतं, आणि ते वेगवेगळं ओळखावं लागतं. आधी आवरण झिजतं. तेव्हा संदेश पोचतो, पण उशिरा. दाब बराच काळ राहिला तर आतले तंतूच मरतात. मग संदेश घेऊन येणारेच कमी होतात. नसेतला संदेश मशीनच्या पडद्यावर लाट होऊन उमटतो. पहिलं नुकसान त्या लाटेच्या वेळेत दिसतं, दुसरं तिच्या उंचीत. आवरण पुन्हा तयार होऊ शकतं. मेलेला तंतू परत वाढायला फार वेळ लागतो, आणि उतारवयात तो नेहमी वाढतोच असंही नाही.

बोटाकडून मनगटाकडे की मनगटाकडून बोटाकडे?

नसेतला संदेश किती वेगाने जातो, हे हर्मन हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर मोजलं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. माणसाच्या संवेदनेच्या नसा मोजायला मात्र पुढे शंभर वर्षं लागली. संवेदनेची लाट इतकी छोटी असते की ती गोंगाटात बुडून जाते. स्नायूची लाट मिलिव्होल्टमध्ये मोजतात, संवेदनेची मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे हजारपट लहान एककात. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९४९ मध्ये सहकाऱ्याबरोबर कातडीवरून नसेची लाट टिपून दाखवली, आणि १९५६ मध्ये बोटाला करंट देऊन ती मनगटावर नोंदवली. दोन वर्षांनी गिलियट आणि सिअर्स ह्या संशोधकांनी हीच तपासणी नसांच्या रुग्णांवर केली. आज आम्ही करतो ते मुळात तेच आहे.

करायच्या दोन रीती आहेत. संवेदना एरवी ज्या दिशेने जाते, म्हणजे बोटाकडून वर, त्याच दिशेने मोजायचं तर बोटाला करंट देऊन मनगटावर लाट टिपायची. ही सुलटी रीत, ऑर्थोड्रॉमिक. उलट्या रीतीत, म्हणजे अँटिड्रॉमिकमध्ये, मनगटावर करंट द्यायचा आणि बोटात घातलेल्या स्प्रिंगसारख्या दोन रिंगांवर लाट टिपायची. नसेचा तंतू मध्येच चेतवला तर संदेश दोन्ही बाजूंना पळतो, म्हणून उलट्या दिशेनेही मोजता येतं. बेळगावहून खानापूरला जा किंवा खानापूरहून बेळगावला या, रस्ता तोच आणि वेळही तोच. नसेचंही तसंच आहे. अंतर सारखं ठेवलं तर दोन्ही रीतींत वेळ जवळपास सारखाच येतो.

लाटेची उंची मात्र सारखी येत नाही. बोटात नस अगदी कातडीखाली असते, त्यामुळे रिंगेवर लाट मोठी उमटते. मनगटात ती जाड पट्ट्याखाली खोल असते, म्हणून तिथे टिपलेली लाट बुटकी. एका ठिकाणी सुलट्या रीतीने १२ मायक्रोव्होल्ट आले आणि दुसरीकडे उलट्या रीतीने ३०, तर हात सुधारला असं समजायचं कारण नाही. मी पाहिलेल्या अनेक रिपोर्टांवर रीत लिहिलेलीच नसते. ते मला खरोखर खटकतं, कारण रीत कळल्याशिवाय त्या उंचीला अर्थ नाही.

मोठी, स्वच्छ लाट मिळते म्हणून बहुतेक ठिकाणी उलटी रीत वापरतात. आम्हीही वापरतो. पण तिच्यात एक खड्डा आहे. मनगटावर दिलेला करंट संवेदनेच्या तंतूंबरोबर स्नायूंकडे जाणारे तंतूही चेतवतो. तळहातातले स्नायू आखडतात आणि त्यांची भलीमोठी लाट रिंगेपर्यंत पोचते. निरोगी हातात ती संवेदनेच्या लाटेच्या मागून येते, त्यामुळे गोंधळ होत नाही. पण नस पार दबली असेल आणि संवेदनेची लाट उरलीच नसेल, तर ही स्नायूची लाटच संवेदनेची समजून मोजली जाऊ शकते. मग जिथे ‘लाट नाही’ असं लिहायला हवं, तिथे ‘उशिरा आली’ असं लिहिलं जातं. शंका आली की मी रीत उलटवतो. बोटात हालचालीचे तंतू नसतात, त्यामुळे बोटाला करंट देऊन मनगटावर लाट शोधली तर स्नायू मध्ये येत नाही. तिथेही लाट दिसली नाही, म्हणजे ती खरंच नाही. सुलट्या रीतीत बोटाला झटका जरा झोंबतो, लाट लहान असल्याने दहावीस नोंदींची सरासरी घ्यावी लागते, आणि भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट मध्ये येतो. तरी मला वाटतं, प्रत्येक तपासणी खोलीत ही रीत सवयीची असायला हवी.

लाट सुरू कधी झाली, शिखरावर कधी पोचली

वेळ मोजायच्याही दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी लाट जिथे उठायला लागते तिथे खूण करतात, काही ठिकाणी तिच्या शिखरावर. सुरुवात म्हणजे सगळ्यात वेगवान तंतूंचं आगमन, म्हणून वेग काढायचा तर सुरुवातच घ्यावी लागते. पण गोंगाट असेल तर ती नेमकी कुठे, ह्यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. शिखर कुणालाही दिसतं. त्याच लाटेची सुरुवात २.६ मिलिसेकंदाला (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) आणि शिखर ३.३ ला असू शकतं. एका रिपोर्टात २.६ आणि दुसऱ्यात ३.३ पाहून घाबरण्याआधी कुठला क्षण मोजलाय, ते विचारा.

रेल्वे गेटचं गणित

आता मावशींच्या दुसऱ्या, ‘नॉर्मल’ रिपोर्टकडे येऊ. त्यात तर्जनीची तपासणी होती, मनगटापासून रिंगेपर्यंत १४ सेंटिमीटर. अंतर ठीक, रीत ठीक, तर मग चुकलं काय?

बेळगाव ते खानापूर साधारण पंचवीस किलोमीटर. समजा टिळकवाडीच्या रेल्वे गेटला बस पाच मिनिटं अडकली आणि पुढे रस्ता मोकळा मिळाला. खानापूरला उतरून सरासरी वेग काढला तर त्यात ती पाच मिनिटं विरघळून जातील. पण फक्त गेटच्या अलीकडच्या नि पलीकडच्या एका किलोमीटरचा वेग काढला तर अडथळा लगेच उघडा पडेल.

हेच आकड्यांत बघू. एखाद्या बाईच्या मीडियन नसेचा मूळ वेग सेकंदाला ६० मीटर आहे, आणि बोगद्यातल्या ४ सेंटिमीटरमध्ये तो घसरून ३६ झालाय असं धरा. बोगद्यातून जायला १.११ मिलिसेकंद लागतील, उरलेल्या १० सेंटिमीटरला १.६७. एकूण २.७८. चौदा सेंटिमीटरला २.७८ म्हणजे वेग ५० मीटरच्या किंचित वर, म्हणून ‘नॉर्मल’. बोगद्यात नस मूळच्या साठ टक्के वेगानेच चालली आहे, तरी मोकळ्या रस्त्याने ते झाकून टाकलं. आता तळव्यात करंट देऊन मनगटावर टिपायची पद्धत घ्या. तिथे अंतर ८ सेंटिमीटर, त्यातले निम्मे बोगद्याचे. वेळ येतो १.७८, वेग ४५. तीच नस, तोच दिवस, आणि आता दोष दिसतो.

मग नेहमी छोटंच अंतर का घेत नाहीत? कारण छोट्या अंतरात टेपची चूक महाग पडते. चौदा सेंटिमीटर मोजताना एक सेंटिमीटर चुकला तर वेगात सात टक्क्यांचा फरक पडतो. आठमध्ये तेवढीच चूक झाली तर साडेबारा टक्क्यांचा. मनगट जरा वाकलं, कातडी जरा ओढली गेली, की गेलाच एक सेंटिमीटर. तळव्याच्या पद्धतीबद्दल माझ्या दोन तक्रारी आणखी आहेत. खुरपं, विळा, हातमाग, फाउंड्री असं काम केलेल्या हाताचे घट्टे इतके जाड असतात की करंट आत पोचवायला बराच वाढवावा लागतो. शिवाय तळव्यात नसेत हालचालीचे तंतूही मिसळलेले असतात, त्यामुळे ही लाट निखळ संवेदनेची नसते.

जपानी वंशाचे जुन किमुरा यांनी १९७९ मध्ये ह्याच विचाराची पुढची पायरी दाखवली. बोगद्यावरून एकेक सेंटिमीटर सरकत करंट द्यायचा. निरोगी नसेत प्रत्येक पावलाला साधारण ०.२ मिलिसेकंदांची भर पडते. एका पावलाला वेळ एकदम उडी मारतो, तिथेच दाब. फार सुंदर पद्धत आहे, पण वेळखाऊ, आणि रोजच्या गर्दीत ती प्रत्येकावर करता येत नाही. तिची सोपी आवृत्ती मी बऱ्याचदा करतो: मधल्या बोटात रिंगा, आधी मनगटावर करंट, मग तळव्यात. तळव्यातून लाट भरपूर उंच आणि मनगटातून अगदी बुटकी आली, तर बोगद्याच्या पुढचे तंतू जिवंत आहेत, संदेश फक्त बोगद्यात अडतोय. जवळून करंट दिल्यावर लाट थोडी उंच येतेच, ते सोडून द्यायचं. पण फरक मोठा असेल तर रुग्णाला सांगण्यासारखी ती चांगली बातमी असते. दोन्हीकडून लाट तितकीच बुटकी आली तर काळजी जास्त.

हाताची तुलना त्याच हाताशी

मोजमापाच्या ह्या सगळ्या अडचणींवर सगळ्यात देखणा उपाय अनामिकेत आहे. अनामिकेला दोन नसा येतात, एक बोगद्यातून आणि एक बाहेरून. रिंगा बोटात एकदाच घालायच्या. मग मनगटावर १४ सेंटिमीटरवर मीडियनला करंट द्यायचा, आणि तेवढ्याच अंतरावर बाजूला सरकून अल्नरला. बोट तेच, कातडी तीच, बोटाची जाडी तीच, वय तेच, खोलीतली थंडी तीच. दोन्ही वेळांत ०.४ मिलिसेकंदापेक्षा जास्त फरक निघाला तर तो बोगद्यामुळेच असण्याची शक्यता फार मोठी. वरच्या गणितात हा फरक काढून बघा: मीडियन २.७८, अल्नर ६० मीटर वेगाने २.३३. फरक ०.४५. एकट्या वेगाने जे लपवलं होतं, ते शेजारणीशी ताडून पाहिल्यावर बाहेर आलं.

अंगठ्यातही अशीच तुलना होते, मीडियन आणि रेडियलची, १० सेंटिमीटरवर. तिथे ०.५ पर्यंत फरक चालतो. तळव्यातून मीडियन आणि अल्नरची, ८ सेंटिमीटरवर, तिथे ०.३ पर्यंत. अंगठ्याच्या तपासणीत करंट जरा जास्त झाला तर तो शेजारच्या नसेकडे सांडतो आणि लाटेला दोन उंचवटे येतात, म्हणून हात हलका ठेवावा लागतो. अनामिकेतही अपवाद आहेत. काही लोकांच्या तळव्यात मीडियन आणि अल्नर एकमेकींना संवेदनेची फांदी देतात, तिथे हिशेब बिघडतो.

तीन तुलना आहेत, तर तिन्ही कराव्यात आणि एक जरी बिघडली तरी आजार म्हणावं, असं कुणालाही वाटेल. पण ते धोक्याचं आहे. प्रत्येक तपासणीत शंभर निरोगी लोकांपैकी दोघा-तिघांचा आकडा निव्वळ योगायोगाने हद्दीबाहेर जातो. तीन वेगळ्या तपासण्या केल्या तर असे लोक सातापर्यंत जाऊ शकतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ह्यावर साधा तोडगा मांडला: तिन्ही फरकांची बेरीज करा. बेरीज १ मिलिसेकंद किंवा जास्त आली तर बोगद्यात दोष आहे असं धरा. एका जागी टेप चुकला तरी बाकीच्या दोन तपासण्या बेरीज सांभाळतात. माझ्या मते सौम्य दुखण्यात ह्याहून भरवशाची पद्धत नाही, आणि तिला जास्तीचे वायर-बियर काही लागत नाहीत, वीस मिनिटं लागतात.

थंडीचा घोळ

पहिला रिपोर्ट आठवा, वेग ४३. मी मावशींना विचारलं, “त्या दिवशी कशा आला होता?” डिसेंबरातली सकाळ. मुलाच्या दुचाकीवर, जंगलातल्या रस्त्याने, तासभर वारा खात. पोचल्या पोचल्या नंबर लागला. हात गरम करायला लावला होता का? नाही.

हात थंड असला की नस मंदावते. एका अंशाला सेकंदाला सुमारे २ मीटर. म्हणून तपासणीच्या वेळी हाताच्या कातडीचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचा दंडक आहे. मावशींचा हात २८ अंशांवर असेल, तर चार अंशांचे ८ मीटर गेले. ५१ चे झाले ४३. रिपोर्टात फक्त मीडियन मोजली होती. अल्नरला करंट दिला असता तर तीही तितकीच मंद निघाली असती, आणि ४३ हा आकडा बोगद्यामुळे नाही, थंडीमुळे आला आहे, हे तिथल्या तिथे कळलं असतं.

थंड हाताची आणखी एक खूण आहे. आजारात लाट उशिरा येते आणि बुटकी होते. थंडीत ती उशिरा येते, पण उंच आणि पसरट होते. मावशींच्या त्या रिपोर्टात लाट चांगली उंच होती.

बेळगावची थंडी आपल्याला कौतुकाची आहे, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी तपासणीसाठी येत असाल तर हातमोजे घाला, आल्यावर घटकाभर बसा. आमच्याकडे गरम पाण्याची बादली असते. दहा मिनिटं हात बुडवून बसायचं, मग पुसून मोजायचं. नुसतं वरवर चोळून भागत नाही, कातडी तापते पण खालची नस गारच राहते. हाताला खोबरेल किंवा क्रीम लावून येऊ नका, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही. अंगठ्या घरी ठेवा. बांगड्यांची काळजी करू नका. सवाष्ण बायका हिरव्या बांगड्या काढाव्या लागतील म्हणून बिचकतात, काही तर ह्याच कारणाने तपासणी टाळतात. त्या कोपराकडे सरकवून पट्टीने धरता येतात, मी नेहमी तसंच करतो. पेसमेकर असेल तर मात्र दारातच सांगा.

मशीनला जे दिसत नाही

आमच्या बाकड्यावर एकाच सकाळी मराठीत ‘मुंग्या’ ऐकू येतात आणि कानडीत ‘जोमु’. शब्द कुठलाही असो, त्यामागे बोगदाच असेल असं नाही. मानेत नस दबली तरी बोटं बधिर होतात. तिथे एक गंमतशीर, पण अत्यंत उपयोगाची गोष्ट घडते: बोटं बधिर असतात आणि संवेदनेची लाट उत्तम येते. कारण संवेदनेच्या पेशींचा गड्डा मणक्याच्या बाहेर असतो आणि मानेतला दाब बहुधा त्याच्या आतल्या बाजूला, मज्जारज्जूकडे पडतो. पेशी शाबूत, तिच्यापासून बोटापर्यंतचा तंतूही शाबूत, म्हणून लाट ठणठणीत. बोट बधिर आणि लाट चांगली, तर डॉक्टर मानेकडे वळतात.

मधुमेहात सगळ्याच नसा थोड्याथोड्या मंदावतात. तिथे एकट्या मीडियनचा आकडा पाहून बोगद्याला दोष दिला तर नको ते ऑपरेशन होऊ शकतं. अल्नर आणि पायाची नस मोजावीच लागते. कुष्ठरोगात कोपरापाशी अल्नर नस जाड होते, कातडीवर न दुखणारा फिका चट्टा असतो. हे हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून कळतं, आणि औषधाने बरं होतं, म्हणून मी तपासणीआधी प्रत्येकाची कोपरामागची नस चाचपतो.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ही तपासणी फक्त जाड, वेगवान तंतू पाहते, स्पर्श आणि कंपन वाहून नेणारे. वेदना आणि थंड-गरम नेणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत. बोगद्याचं दुखणं असूनही तपासणी नॉर्मल येणारे लोक असतात. ‘टेस्ट नॉर्मल आहे, मग तुला काही झालेलं नाही’ असं सासरी ऐकून घेतलेल्या सुना माझ्यासमोर रडल्या आहेत. त्यांचं दुखणं खरं होतं. मशीनची नजर तेवढी पोचत नव्हती.

मावशींचा हात बादलीतून काढून पुसला, तापमान ३२ च्या वर आल्याची खात्री केली आणि सगळं पुन्हा मोजलं. तर्जनीचा वेग ५१ आला, दुसऱ्या रिपोर्टासारखाच. अनामिकेत मीडियनचं शिखर ३.५ ला, अल्नरचं ३.० ला. तळव्यातून २.२ आणि १.७. अंगठ्यात मीडियन ३.१, रेडियल २.५. तीन फरकांची बेरीज १.६. लाटांची उंची शाबूत. म्हणजे नस दबली होती, पण सौम्य. पहिल्या रिपोर्टाचा निदानाचा शब्द बरोबर आला होता, पण चुकीच्या कारणाने, आणि दुसऱ्याचा आकडा बरोबर होता, पण त्याने दुखणं नाकारलं होतं.

डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. ऑपरेशनचं तेव्हा बघू म्हणाले. मुलाने विचारलं, धारा कोण काढणार? त्यावर मावशीच म्हणाल्या, “तू काढायचास की.” मी रिपोर्टाच्या तळाशी रीत, अंतरं, शिखर मोजल्याची नोंद आणि हाताचं तापमान लिहून दिलं. पुढची तपासणी कुठेही झाली तरी ह्याच मापांनी करून घ्या आणि हा कागद सोबत न्या, एवढं मुलाला दोनदा सांगितलं.